तीन गाड्या बदलून आलेली ताडी

उधव्यात तुक्याच्या ताडीला नाव ठेवणारं माणूस एकच होतं, आणि ते त्याच्याच घरात राहत होतं.

बाकी सगळ्यांचा कौल एका बाजूला. गावातले लोक तर यायचेच. शिवाय सीमेवरच्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रक लावून अंग मोकळं करायला निघालेले ड्रायव्हर यायचे, आणि पलीकडच्या राज्यात दारूबंदी असल्यामुळे ज्यांना अलीकडची हवा अधूनमधून फार मानवते अशी सीमेपारची सभ्य मंडळीही मोटारसायकली काढून यायची. अंगणातल्या फणसाखाली बसून प्यायची, पालथ्या हाताने मिशी पुसायची आणि म्हणायची, "काका, अशी ताडी आसपासच्या पाच गावांत नाय." तुक्या नुसती मान हलवायचा. त्याचा चेहरा कधी फुलायचा नाही, कारण त्याचे कान आत चुलीकडे लागलेले असायचे. चुलीपाशी भिकी, त्याची बायको, भाकरी थापत असायची. ती काही बोलायची नाही.

म्हणजे बोलायची, पण एवढंच. रोज सकाळी तुक्या ताडावरून उतरला की पहिला पेला तिला द्यायचा. ती अर्धा प्यायची, उरलेला ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "पातळ हाय." लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. मोसमाच्या दिवसांचा हिशेब धरला तर हा शब्द तुक्याने किती हजार वेळा ऐकला असेल ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि पातळ कशी असेल ती? तुक्या हा मन लावून काम करणारा माणूस. वयाची साठी ओलांडली तरी सकाळ-संध्याकाळ ताडाला बांधलेल्या बांबूवरून वर चढायचा. फुलोऱ्याच्या दांड्याला हलक्या हाताने चोळून, त्याचं टोक कागदाइतकं पातळ छाटायचा. जास्त छाटलं तर झाड दुखावतं, कमी छाटलं तर रस धरत नाही, आणि दोन दिवस कोयता लागलाच नाही तर दांडा सुकतो, तो मोसम गेला. म्हणून होळीच्या आधीपासून पाऊस लागेपर्यंत तुक्याने कधी कुणाच्या घरी रात्र काढली नाही. गाडगी रोज धुऊन गवताच्या धुरावर धरायचा. पहाटेची ताडी गार आणि गोड असते. ऊन चढलं की फेसाळते आणि दुपारपर्यंत आंबून जाते. दहानंतर उरलेली ताडी तुक्या विकत नसे, केळीच्या बुंध्याशी ओतून टाकायचा. असा नेकीचा माणूस.

त्याला पैसा नको होता असं नाही. पण आयुष्यात मनापासून हवी असलेली गोष्ट एकच होती. भिकीने एकदा पेला रिकामा करावा आणि चांगली आहे म्हणावं. एकदाच. ऐकायला दुसरं कुणी नसलं तरी चाललं असतं.

पण भिकीच्या लेखी जगात ताडी एकच होती आणि ती धाकट्या डहाणूच्या खाडीवर होती. तिचं माहेर त्या बाजूला, कोळीवाड्याच्या मागे बांधाला लागून असलेल्या पाड्यावर. खाडीच्या बांधावर एकटाच उभा असा एक ताड होता. तिच्या आज्याने लावलेला, बापाने छाटलेला, आणि बापामागे तिच्या धाकट्या भावाने, मोरूने, सांभाळलेला. त्या ताडाला म्हणे खारा वारा लागायचा. त्याच्या मुळांना भरतीचं पाणी शिवून जायचं. त्यामुळे त्याची ताडी अंगाला जड, चवीला भरलेली. तुक्याचे चार ताड शेताच्या कोरड्या बांधावरचे, त्यांना ना वारा ना पाणी. "त्यात यायचं कुठून?" भिकी विचारायची.

त्या घराची रीत अशी, की मोसमाची पहिली ताडी भावाने होळीच्या आधी बहिणीच्या दारात आणून पोचवायची. मोरू दरवर्षी यायचा. धाकट्या डहाणूहून रिक्षा, डहाणूहून एसटी, तलासरीहून माणसं कोंबलेली इको गाडी. वाट बघण्यात गेलेला वेळ धरून तीन-साडेतीन तास. मोरू अंगणात यायचा तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असायचा आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या गाडग्यातली ताडी पार गेलेली असायची. तुक्याला ते तोंडावरचं फडकं सोडायच्या आधीच वासावरून कळायचं. त्याच्या गिऱ्हाइकाला तो असलं काही द्यायला धजला नसता. भिकी मात्र दोन्ही हातांनी पेला धरून ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "याला म्हणायची ताडी."

तुक्या हे दरवर्षी पाहायचा. मेव्हण्याला जेवू घालायचा, हसून बोलायचा, आणि संध्याकाळी ताडावर चढल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ वरच बसून राहायचा.

एकदा त्याला वाटलं की आता आपल्या हाती पुरावा आला. डहाणूच्या समुद्राकाठी जतीन नावाच्या माणसाचं हॉटेल होतं. शनिवारी त्याचा टेम्पो उधव्याला येऊन तुक्याकडून दोन कॅन ताडी घेऊन जायचा. कॅन परत येईनात म्हणून तुक्या स्वतः जाऊन धडकला. पाहतो तर सुरूच्या झाडांखाली टेबलं मांडलेली, आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं : खाडीकाठच्या ताडांची ताजी ताडी, पेला एकशे ऐंशी रुपये. तुक्याच्या अंगणात तोच पेला वीस रुपयांना होता.

जवळच्या टेबलाशी मुंबईची एक बाई बसली होती. मालक तिला हेमालीबेन म्हणत होता. तिने पेला उजेडात धरला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि सोबतच्यांना म्हणाली, "समुद्राचा खारेपणा उतरलाय यात. लगेच कळतं."

तुक्याने समुद्राकडे पाहिलं. त्याच्या ताडांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याने जतीनला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"शेठ, ही तर माझी. उधव्याची."

"अरे काका, हळू बोला ने," जतीन म्हणाला. "लोक इथे दरिया बघायला येतात. तर ताडी पण दरियाची पाहिजे. उधवा लिहिला तर कोण पिणार? उधवा कुठे आला ते पण कोणाला माहीत नथी."

पण हेमालीबेनचे कान तिखट. तिने तुक्याला बोलावून खुर्चीवर बसवलं, आणि तो ताडी काढणारा आहे असं कळल्यावर तिला आनंदच झाला. तिने त्याला द्राक्षाच्या वाइनचं सांगितलं. परदेशात म्हणे एकाच टेकडीच्या उन्हाकडच्या अंगाची बाटली हजारांत जाते आणि सावलीकडच्या अंगाची शंभरात. मधे फक्त एक पायवाट. माती वेगळी, उतार वेगळा, म्हणून चव वेगळी, म्हणून भाव वेगळा.

तुक्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि बाटलीवरचं नाव झाकून दिली तर?"

हेमालीबेन हसली. "मग पुष्कळांना ओळखता येत नाही म्हणतात."

भिकी त्या परदेशात जन्मली असती तर तिची फार भरभराट झाली असती, असं तुक्याला वाटलं. घरी येऊन त्याने तिला सगळं रंगवून सांगितलं. ती बाई काय म्हणाली, पेला कसा उजेडात धरला, फळ्यावर काय लिहिलं होतं.

"बरोबर हाय तिचं," भिकी म्हणाली. "खाडीची म्हणून चांगली लागली असंल."

"अगं पण ती माझी होती."

"मंग तिला काय कळतंय," भिकी म्हणाली, आणि भाकरी उलटली.

त्यानंतर दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात वादळ आलं. उधव्यात पत्रे उडाले, खाडीवर त्याहून वाईट झालं. चार दिवसांनी तुक्याच्या फोनवर मोरूचा आवाज आला.

"दाजी, ताड पडला."

तुक्याला पहिल्यांदा काय वाटलं ते त्याने कुणाला कधी सांगितलं नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"बायला सांगू नका," मोरू म्हणत होता. "तिला वाटंल माहेरच पडलं. पुढच्या होळीला बघू काय तरी."

पुढच्या होळीला जे ठरलं ते दोन म्हाताऱ्या माणसांनी करावं असं नव्हतं. मोरू नेहमीच्या गाडीने नेहमीच्या वेळी आला, हातात नेहमीचं गाडगं, पण रिकामं. तो घरी न जाता शाळेमागच्या ओहोळाशी थांबला. तुक्या शेताच्या बांधाने भरलेला कॅन घेऊन तिथे गेला. या दिवसासाठी त्याने चार झाडांतलं सर्वात चांगलं झाड आठवडाभर राखलं होतं. पहाटेची ताडी, आंबू नये म्हणून आतून चुना लावलेल्या गाडग्यात धरून, ओल्या वाळूत सावलीला पुरून ठेवली होती. ती अजून गोड होती आणि बोटाला गार लागत होती. मोरूच्या गाडग्यात ती ओतून झाल्यावरही तुक्या रिकामा कॅन उपडा धरून उभा होता. मोरूने विचारलंही, "दाजी, बरं नाय काय?"

अर्ध्या तासाने मोरू अंगणात आला. भिकीने फडकं सोडलं, पेला भरला, ओठाला लावला. एक घोट घेतला आणि थांबली. मोरूकडे पाहिलं. मग पुन्हा पेला ओठाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायली.

"याला म्हणायची ताडी," ती म्हणाली.

तुक्या तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. तो उठला, घरामागे गेला आणि ज्या झाडाची ती ताडी होती त्याच्या खोडावर हात ठेवून उभा राहिला. पूर्ण पेला. शेवटच्या थेंबापर्यंत. त्याला हसू येत होतं आणि आपलंच काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखंही वाटत होतं. शब्द त्याच्या ताडीला मिळाला होता, पण पत्ता धाकट्या डहाणूचा होता.

असं चार वर्षं चाललं. वर्षाला एक शब्द, तोही दुसऱ्याच्या नावाने. माणसाला कशाचीही सवय होते. तुक्या त्या दिवसाची शिमग्यापेक्षा जास्त वाट पाहू लागला. ती एवढी जपून ठेवलेली गोष्ट होती की मोसमभर ‘पातळ हाय’ ऐकताना तो आता मनातल्या मनात हसायचा. तुला काय ठाऊक, असं म्हणायचा. एखाद्या होळीला सगळं सांगून टाकायचं, तिचा चेहरा बघायचा, असंही त्याने ठरवून ठेवलं होतं. पण मोरू समोर बसलेला असायचा, एका पायाने तो वर्षागणिक जास्त लंगडत होता, आणि तुक्याच्या जिभेवर आलेलं परत जायचं.

यंदा पौषात मोरू गेला. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. गुडघ्यांमुळे भिकीचं माहेरी जाणं वादळाआधीच सुटलं होतं; मातीला ती रात्रीची जाऊन आली, बांधाकडे फिरकलीच नाही. त्यानंतर पंधरा दिवस ती नीट जेवली नाही. होळी जवळ आली तसं तिचं दाराकडे बघणं वाढलं. येणारं कुणी नव्हतं हे तिला कळत होतं, पण डोळ्यांना कुठे कळतं.

एका सकाळी तिने अर्धा पेला खाली ठेवला आणि त्या दिवशी पातळ आहे असंही म्हणाली नाही.

"मला खाडीवर ने," ती म्हणाली. "ताड बघायचा हाय. गंगीसोबत होळीपर्यंत राहीन." गंगी म्हणजे मोरूची बायको.

तुक्याने ऊन सांगितलं, तिचे गुडघे सांगितले, बांधावरचा चिखल सांगितला. फाल्गुनात चिखल कसला, असं तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळची छाटणी उरकून दोघे निघाले. संध्याकाळच्या छाटणीला त्याला परत यायचंच होतं. तीन गाड्यांमध्ये मिळून तुक्याने दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. त्या माणसाला ताडावरून पडायची कधी भीती वाटली नव्हती, पण बायकोला चार शब्द सांगायची वाटली.

बांधावर पोचले तेव्हा ओहोटी होती. कोळणी सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. जिथे ताड होता तिथे आता चार बांबूंचा मांडव होता आणि त्यावरही बोंबीलच लटकत होते. भिकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आपण चुकून दुसऱ्याच बांधावर आलो की काय, असं तिला वाटलं असावं. मग तिला मांडवाखाली काळं पडलेलं खोडाचं बूड दिसलं.

"कवा?" तिने विचारलं.

"वादळात. पाच वर्षं होतील आता."

भिकी बांधावर बसली. गुडघे दुखत होते म्हणून नाही. ती म्हणाली, "मोरू बोलला नाय मला."

"मीच नको म्हटलं त्याला," तुक्या म्हणाला. हे खोटं होतं, पण मेलेल्या माणसाच्या माथी कशाला मारायचं, म्हणून त्याने स्वतःवर घेतलं.

तिचा आधी भाऊ गेला, आणि आता कळलं की झाड तर त्याच्याही आधी गेलं होतं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. तुक्यालाही ते कळत होतं. पण एकेचाळीस वर्षांचं ओझं एवढं जवळ आलं होतं की त्याला राहवेना.

"मंग चार वर्षं ती ताडी कुणाची होती, ते नाय विचारलंस?"

"तुझी," भिकी म्हणाली.

तुक्या तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पहिल्याच घोटाला कळलं," ती म्हणाली. "गोड होती. मोरूची कवा गोड असायची? एवढ्या गाड्या बदलून, एवढ्या उन्हातनं यायची ती. आंबायचीच. मला वाटलं, पायामुळं चढवत नसंल त्याला आता, म्हणून तुझी घेतली. ताडच नाय हे नव्हतं ठावं."

"पण तू तर म्हणायचीस, खाडीचा वारा, खाडीचं पाणी."

"म्हणायची. लहानपणी हितं प्यायले ती कशी लागायची ते मला याद पण नाय. मला तुझ्या घरी आली तीच ठावी, आंबट. ती आंबट लागली का वाटायचं, कोण तरी माझ्यासाठी लांबनं आलाय."

समोरून एक होडी चिखलातून ढकलत नेत होते. तुक्याने तिच्याकडे पाहत विचारलं, "मंग माझीला चांगली का म्हणालीस, चार वर्षं?"

"मोरू समोर बसलेला. उन्हानं काळा पडलेला. त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले."

तुक्याच्या गाठीला असलेले ते चार शब्दही गेले. ज्यांच्या जोरावर तो मनातल्या मनात हसत होता ते त्याचे कधी नव्हतेच. त्याला स्वतःची एवढी कीव आली की त्याने सरळ विचारून टाकलं, "आणि माझी ताडी? ती कशी हाय, भिकी?"

भिकीने थोडा विचार केला. तिच्या मनात राग नव्हता, कुत्सितपणाही नव्हता. "तुझी काय," ती म्हणाली. "बारा पावलांवरनं आणतोस. माझं तोंड धुऊन होत नाय तर दारात. तिची वाट बघायला मला कधी दिलीस तू?"

तुक्याला संध्याकाळच्या छाटणीसाठी परत जायचं होतं. तिला गंगीच्या घरी सोडून तो निघाला.

उधव्यात पहिल्या सकाळी त्याने सवयीने पेला भरला आणि चुलीजवळ ठेवला. चूल थंड होती. दुपारी बघितलं तर पेला तसाच, वर फेस धरलेला. त्याने तो उचलून वास घेतला. मोरूच्या गाडग्याला यायचा तोच वास. तुक्या तिथेच बसला. त्याला भिकीची आठवण आली, साधीसुधी नाही, छातीत दुखावं अशी. एकेचाळीस वर्षांत ती माहेरी गेली नव्हती असं नाही, पण तेव्हा ती परत येईल हे इतकं गृहीत होतं की आठवण काढायचं काम पडलं नव्हतं. वाट बघणं म्हणजे काय ते तुक्याला साठीनंतर कळत होतं. उशिरा कळलं म्हणून काही कमी दुखत नव्हतं.

गिऱ्हाइकं येत होती, चांगली आहे म्हणत होती. त्याला त्यांचा राग येऊ लागला. एक ड्रायव्हर म्हणाला, काका, तुमच्यासारखी ताडी नाय, तर तुक्या म्हणाला, "पी आणि जा गपचूप."

चौथ्या दिवशी पहाटे त्याने झाडावरून उतरून नवं गाडगं भरलं, ओलं फडकं बांधलं आणि रस्त्याला लागला. थांब्यावरच्या लोकांनी विचारलं, कुठे? बायकोला ताडी पोचवायला, असं त्याने सांगितल्यावर इको पूर्ण भरेपर्यंत त्यांना हसायला विषय मिळाला. बायकोच्या माहेरी ताडी घेऊन जाणारा नवरा त्या मुलखात कुणी ऐकला नव्हता. एकाने विचारलं, "म्हाताऱ्या, चार दिवस पण काढवत नाय काय?" तुक्या म्हणाला, "नाय काढवत." त्यावर हसणंच थांबलं.

एसटीत कंडक्टरने गाडग्याकडे बोट दाखवलं. "काय आहे त्यात?"

"ताक," तुक्या म्हणाला. मोरू हेच सांगायचा, हे त्याला ठाऊक होतं.

ताकाला वळणावळणावर फेस येऊ लागला. फडकं फुगलं, कडेने ओघळ आले आणि शेजारच्या बाईच्या साडीवर पडले. ती बाई डहाणू येईपर्यंत ताक या विषयावर बोलत होती. तुक्याने गाडगं मांडीत घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, खिडकीतून येणारं ऊन पाठीवर घेऊन त्याच्यावर सावली केली. उपयोग नव्हता. ताडी जात होती. त्याला वासावरून कळत होतं की कुठल्या थांब्याला ती कितपत गेली. डहाणूला उतरला तेव्हा ती विकण्याजोगी राहिली नव्हती, आणि रिक्षा मिळेना म्हणून शेवटचा मैल तो पायी चालला तेव्हा पिण्याजोगीही राहिली नसावी.

पाड्यावर भिकी आणि गंगी ओट्यावर बसून सुक्या मासळीतली माती झटकत होत्या. बांधावरून कुणीतरी गाडगं घेऊन येताना दिसलं तशी भिकी हातातलं काम सोडून उभी राहिली. तिने कपाळावर हात धरून पाहिलं. चाल मोरूची नव्हती. तुक्या अंगणात आला, गाडगं खाली ठेवलं आणि धापा टाकत उभा राहिला.

भिकीने फडकं सोडलं. पेला भरला, ओठाला लावला, एक घोट घेतला. तिचे डोळे मिटले. मग ती प्यायली, थांबत थांबत, शेवटपर्यंत. पेला पालथा केला तेव्हा त्यातून एक थेंब पडला नाही.

तिने दुसरा भरून गंगीला दिला. गंगीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाय, पार आंबलीय ही."

"आंबणारच," भिकी म्हणाली. "माझ्या घरनं आलीय. लांब हाय ते. पी, चांगली हाय."

आयुष्यात काढलेली सगळ्यात वाईट ताडी होती ती. तुक्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. भिकी सरकली, त्याला ओट्यावर जागा करून दिली, आणि तिचे कोरडे पडलेले हात पुन्हा मासळी निवडू लागले.